गेमिंग मॉनिटर घेताय? आधी खोलीतला उजेड बघा

"ताई, आयपीएस घेऊ की व्हीए?" मी गोव्यात, फोंड्यात कॉम्प्युटर जोडून देते. बारावीचा निकाल लागला किंवा गणपतीची चवथ जवळ आली की हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. मी उलट विचारते: टेबल कुठे मांडणार, खिडकी कुठल्या बाजूला आहे, आणि खेळायला बसणार किती वाजता? समोरच्याला वाटतं मी टाळतेय. पण मला खरंच हेच आधी कळायला हवं असतं. कुठलं पॅनल (मॉनिटरच्या पडद्याची जात: आयपीएस, व्हीए वगैरे) चांगलं, हे निम्मं तरी मॉनिटर ज्या खोलीत लागणार तिथला उजेड ठरवतो. गेम आणि बजेट त्यानंतर. पडदे ओढलेल्या खोलीत केलेला रिव्ह्यू कितीही चांगला असला तरी आपल्याकडे दुपारी तीन वाजता हॉलमध्ये काय दिसेल, ते त्यात कळत नाही.

टीएन, आयपीएस आणि व्हीए हे तिन्ही एलसीडीचेच प्रकार. मागे पांढरा दिवा सतत चालू असतो, आणि पुढचा द्रव स्फटिकांचा थर त्याचा उजेड सोडतो किंवा अडवतो. स्फटिक वळवायची पद्धत तेवढी तिघांची वेगळी. पूर्ण अडवणं मात्र एकालाही जमत नाही. जुन्या घरातली शिंपल्यांची खिडकी घट्ट लावली तरी खोलीत उजेड झिरपतोच, तसंच हे. म्हणून एलसीडीवरचा काळा रंग म्हणजे खरं तर गडद करडा. किती गडद, ते कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ या आकड्यावरून कळतं. आयपीएस आणि टीएनचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ किंवा त्याहून जास्त. म्हणजे पांढरा ३०० निटवर (निट हे चमक मोजायचं माप) ठेवला तर आयपीएसचा काळा ०.३ निट आणि व्हीएचा ०.१ निट. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, स्वतः पेटतो आणि विझतो, त्यामुळे तिथला काळा शून्य.

कागदावर पाहिलं तर व्हीए आयपीएसपेक्षा तिप्पट सरस. आता तोच मॉनिटर कौलारू घरात ठेवा. आपल्या जुन्या घरांत मधल्या खोल्यांना उजेड कमी, म्हणून छपरात एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. ऊन वर आलं की त्यातून एक चौकोन खाली उतरतो आणि दुपारभर जमिनीवरून, भिंतीवरून सरकत राहतो. तो थेट पडद्यावर आला नाही तरी खोली उजळतेच, आणि त्या उजेडाचा थोडा भाग पडद्यावर आपटून आपल्या डोळ्यांत येतो. ही परतलेली चमक ०.३ निटपेक्षा सहज जास्त भरते. मग ०.१ आणि ०.३ मधला फरक उरतो कुठे? दिवसा खेळणाऱ्याने व्हीएच्या काळ्या रंगासाठी व्हीए घ्यायचा आणि तो काळा त्याला कधी दिसायचाच नाही, हे मला पटत नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर ट्यूब बंद करून बसणाऱ्याला मात्र तोच फरक पहिल्या मिनिटात दिसतो.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. तुम्ही ज्या वेळी खेळता त्याच वेळी टेबलापाशी बसा, फोनचा पडदा बंद करा आणि मॉनिटर जिथे येणार त्या जागी तो उभा धरा. त्या काळ्या काचेत खिडकी दिसते का, ट्यूब दिसते का, दाराबाहेरचं अंगण दिसतं का? हे सगळं ओलेडच्या चकचकीत पडद्यावरही दिसणार, आणि मॅट पडद्यावर त्याचा पांढुरका डाग होणार. खिडकी पाठीमागे असली तर टेबल फिरवून ती डाव्या-उजव्या हाताला घ्या. खिडकी मॉनिटरच्या मागे आली तर डोळे दुखतात, तेही नको. एवढ्याने भागत असेल तर तुमच्यासाठी निवडायला जागा मोकळी झाली.

दिवसाउजेडी, हॉलमध्ये, घरच्यांच्या वर्दळीत खेळायचं असेल तर मी आयपीएसच सांगते. एक तर कडेने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. डब्यावर १७८ अंश लिहिलेलं असतं ते यासाठी. आपल्याकडे फुटबॉल गेम एकट्याने खेळतो कोण? दोघं कंट्रोलर घेऊन सोफ्यावर, तिसरा सोफ्याच्या हातावर टेकून, चौथा दारात उभा. टीएनवर खाली बसलेल्याला चित्र काळवंडलेलं दिसतं आणि व्हीएवर कडेच्याला फिकट. आयपीएसवर चौघांनाही मैदान हिरवंच. दुसरं म्हणजे आजचे वेगवान आयपीएस पॅनल खरोखर वेगवान आहेत. आयपीएस तंत्र १९९६ साली हिताचीने आणलं तेव्हा ते रंगांसाठी नावाजलं गेलं, वेगासाठी नव्हे. ती जुनी समजूत अजून काही जणांच्या डोक्यात आहे, ती काढून टाका. १८० हर्ट्‌झचा २४ इंची आयपीएस (हर्ट्‌झ म्हणजे पडदा सेकंदाला किती चित्रं दाखवतो) आज साध्या बजेटमध्ये बसतो आणि व्हॅलोरंट, सीएस टू अशा वेगवान गोळीबाराच्या गेमांना तो पुरून उरतो.

आयपीएसचं दुखणं रात्री कळतं. काळोख्या खोलीत काळा सीन आला की कोपऱ्यांत राखाडी, कधी पिवळट झाक उठते. तिला आयपीएस ग्लो म्हणतात आणि ती या जातीच्या पॅनलमध्ये असायचीच. दोन वीत मागे सरकलात की ती कमी होते. मॉनिटरमागे भिंतीवर एक मंद एलईडी पट्टी लावली तर ती फारशी जाणवतही नाही, आणि पट्टीचा खर्च काही शेकड्यांत. अलीकडे आयपीएस ब्लॅक नावाचे पॅनल आले आहेत, त्यांचा कॉन्ट्रास्ट २०००:१ किंवा त्याहून वर जातो, पण गेमिंगच्या वेगात ते अजून कमी सापडतात.

व्हीएबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त निराश झालेली मुलं मी इथेच पाहिली आहेत, आणि सगळ्यात खूश झालेलीही. वळणदार मोठे मॉनिटर बहुतेक व्हीए असतात. दुकानात ते भारी दिसतात. दुकानात डेमो व्हिडिओही तसाच असतो: फुलं, पोपट, समुद्र, सगळं लख्ख. घरी आल्यावर मुलगा भुताचा गेम लावतो. रात्र, जंगल, हातात बॅटरी. माउस डावीकडे वळवला की झाडांच्या काळ्या खोडांमागे एक धुरकट शेपूट ओढली जाते. थांबलं की चित्र स्वच्छ, हललं की पुन्हा शेपूट. याला स्मिअरिंग म्हणतात.

कारण सोपं आहे. व्हीएचे स्फटिक काळ्यावरून गडद करड्यावर जायला आळस करतात. पांढऱ्यावरून करड्यावर ते चटकन जातात, पण अंधारातली ही पायरी स्वस्त व्हीएमध्ये २० ते ३० मिलिसेकंदही घेते. १६५ हर्ट्‌झला एक फ्रेम टिकते सुमारे ६ मिलिसेकंद. म्हणजे पिक्सेल आपल्या रंगावर पोचेपर्यंत तीन ते पाच फ्रेम निघून गेलेल्या असतात. डब्यावर मात्र '१ एमएस' छापलेलं असतं आणि ते अगदी खोटंही नसतं, कारण तो आकडा सगळ्यात सोप्या पायरीचा असतो, किंवा एमपीआरटी या दुसऱ्याच मोजणीचा. महाग व्हीए वेगवान करता येतात. सॅमसंगने २०२० मध्ये ओडिसी जी७ आणला तेव्हा व्हीएसुद्धा २४० हर्ट्‌झला जवळपास स्वच्छ चालू शकतो हे दिसलं. पण दहा-बारा हजारांच्या व्हीएकडून ती अपेक्षा करू नका.

मग व्हीए कुणी घ्यावा? रात्री, एकट्याने, समोर सरळ बसून, गाड्यांच्या शर्यती किंवा निवांत कथेचे गेम खेळणाऱ्याने. शिवाय त्याच पडद्यावर सिनेमे बघणाऱ्याने. अशा माणसाला आयपीएसचा राखाडी काळोख खुपत राहील. त्याच्यासाठी ३२ इंची वळणदार व्हीए फार आनंदाची वस्तू आहे. वळणाचाही इथे खरा उपयोग आहे: मोठ्या व्हीएच्या कडा डोळ्यांना तिरक्या पडतात आणि तिथले रंग उतरल्यासारखे दिसतात, वळणामुळे त्या कडा आपल्याकडे तोंड करतात.

टीएन? जवळजवळ कुणीच घेऊ नये. रंग फिके, खालून पाहिलं तर चित्र उलटल्यासारखं. स्पर्धेत उतरणारे काही जण बेनक्यूच्या झोवी मालिकेतले टीएन मॉनिटर आवडीने वापरतात, कारण त्यांतला दिवा फ्रेमबरोबर लुकलुकवून हालचाल कमालीची स्पष्ट केलेली असते. तुम्ही त्या पातळीवर खेळत असाल तर तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

आता ओलेड. पन्नास हजार आणि पुढे, पण ज्याने एकदा पाहिला त्याला बाकी सगळं धूसर वाटतं, हे मी मनापासून सांगते. ०.०३ मिलिसेकंदाचा वेग छापलेला असतो आणि हालचाल पाहिली की विश्वास बसतो. मागे शेपूट नाही, झाक नाही. तारांगण असलेला गेम लावा आणि खोलीतला दिवा घालवा. पडद्याची चौकट कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही.

पण तो आपल्या घरात कसा राहील, ते बघून घ्या. बाजारात दोन जाती आहेत. सॅमसंग डिस्प्लेचा क्यूडी-ओलेड २०२२ मध्ये डेलच्या एलियनवेअर मॉनिटरमधून आला. एलजी डिस्प्लेचा डब्ल्यूओलेड दुसरा. क्यूडी-ओलेडमध्ये पोलरायझरचा, म्हणजे बाहेरचा उजेड गाळणारा, थर नसतो, म्हणून उजेडाच्या खोलीत त्याचा काळा जांभळट राखाडी दिसू लागतो. काचेच्या कौलाखाली किंवा बल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) दाराशेजारी हा मॉनिटर ठेवलात तर पन्नास हजारांचा काळा हातचा गेला. अशा खोलीत ओलेडच हवा असेल तर मॅट पडद्याचा डब्ल्यूओलेड बघा. पूर्ण पडदा पांढरा असताना ओलेडची चमक साधारण २५०-३०० निटच भरते, तेव्हा दिवसभर ऑफिसचं काम आणि संध्याकाळी गेम असा वापर असेल तर विचार करा. अक्षरांच्या कडांना रंगाची बारीक किनारही दिसते, कारण उपपिक्सेलची, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची, मांडणी वेगळी असते.

आणि बर्न-इन. ओलेडचे पिक्सेल वापरानुसार झिजतात. एकाच जागी तासन्‌तास दिसणारा टास्कबार, नकाशा, आरोग्याची पट्टी तिथले पिक्सेल जास्त झिजवते आणि पुढे तिथे सावली उमटते. टास्कबार लपवा, वॉलपेपर काळा ठेवा, दोन-तीन मिनिटांत पडदा बंद होईल अशी सेटिंग करा. वॉरंटी कार्डावर बर्न-इनचा उल्लेख आहे का ते घेण्यापूर्वी वाचा. काही कंपन्या त्यासाठी तीन वर्षं देतात, काही गप्प असतात.

यात एक गोष्ट खास आपल्यासाठी. ओलेड मॉनिटर काही तास वापरला की बंद केल्यावर स्वतःची डागडुजी करतो. त्याला पिक्सेल रिफ्रेश म्हणतात, काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ त्याला वीज हवी असते. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की आपल्याकडे आई किंवा आजी सगळे प्लग उपटून ठेवते, आणि ते योग्यच आहे. पण रोज रात्री मॉनिटर बंद करताक्षणी मेन स्विचही खाली केलात, तर ही डागडुजी कधीच पुरी होत नाही. आधी मॉनिटरचं बटण, मग दात घासून या, मग स्विच. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा. आणि मॉनिटर कुठल्याही जातीचा असो, यूपीएस घ्या. लाईट जाताना फारसं नुकसान होत नाही. परत येताना जो झटका येतो तो सर्किट खातो.

मिनी-एलईडी म्हणजे एलसीडीच, फक्त मागचा दिवा शेकडो तुकड्यांत विभागलेला. काळ्या भागामागचे तुकडे विझतात. उजेडाच्या हॉलमध्ये एचडीआर (उजळ भाग जास्त उजळ, काळोख जास्त गडद दाखवणं) हवा असेल तर हा ओलेडपेक्षा शहाणा पर्याय. काळ्यावर पांढरा कर्सर फिरवला की त्याभोवती वलय दिसतं, ते चालवून घ्यावं लागतं. साध्या मॉनिटरवरच्या 'एचडीआर ४००' या शिक्क्याला मात्र भुलू नका. त्या शिक्क्यासाठी दिवा तुकड्यांत विझण्याची अट नाही, त्यामुळे एचडीआर चालू केल्यावर चित्र फक्त पांढुरकं होतं. ओलेडवरचा 'ट्रू ब्लॅक ४००' हा वेगळा शिक्का. आकडा सारखा दिसला तरी दोघांची गल्लत करू नका.

हर्ट्‌झ आणि आकार याबद्दल थोडक्यात. ६० वरून १४४ हर्ट्‌झवर गेलात की फ्रेम १६.७ वरून ६.९ मिलिसेकंदांवर येते, हा बदल कुणालाही कळतो. १४४ वरून २४० चा फरक खूप खेळणाऱ्यालाच कळतो. २४ इंचाला १०८०पी (पिक्सेलच्या १०८० ओळी), २७ इंचाला १४४०पी. २७ इंचाला १०८०पी घेतलात तर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात आणि अक्षरं फाटकी दिसतात. पण १४४०पी ओढणारं ग्राफिक्स कार्ड आहे का, ते आधी बघा. पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) जोडणार असाल तर एचडीएमआय २.१ आहे का ते विचारा. त्याशिवाय त्यावर व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं, चालत नाही. व्हीए आणि ओलेडवर फ्रेम रेट फार खालीवर झाला तर व्हीआरआरमुळे काळोखे भाग लुकलुकतात. गेममध्ये फ्रेमला मर्यादा घातली की बहुतेक वेळा थांबतं.

पहिल्या पावसानंतर मला एक फोन हमखास येतो: "ताई, पडद्याच्या आत किडा चालतोय!" खरंच आत असतो. एलसीडीमध्ये मागच्या दिव्यासमोर प्रकाश पसरवणारे पातळ थर असतात, त्यांच्या फटीत दिव्याच्या ओढीने बारीक चिलटं शिरतात. बोटाने अजिबात दाबू नका. दाबलं की तो तिथेच मरतो आणि एक काळा ठिपका कायमचा बसतो. मॉनिटर बंद करा, खोलीत काळोख करा, शेजारी टेबललॅम्प लावून ठेवा. किडा बहुधा आपल्या पायांनी बाहेर येतो. ओलेडमध्ये असा मागचा दिवा आणि थर नसल्यामुळे ही कटकट नाही. समुद्राजवळच्या घरांत, मोरजी-कोलव्याच्या बाजूला, सगळ्याच मॉनिटरांची पोर्टं खाऱ्या वाऱ्याने गंजतात. न वापरलेल्या पोर्टांना रबराची टोपणं बसवा. पावसात मॉनिटर आठवडे-आठवडे बंद ठेवू नका, अधूनमधून तासभर चालवा. ओलेडचा पडदा काच पुसायच्या स्प्रेने पुसू नका, त्यावरचा थर नाजूक असतो. मऊ मायक्रोफायबर, लागलंच तर पाण्याचा ओलावा, बस्स.

घेण्याआधी पणजी, म्हापसा किंवा मडगावला जाऊन एकदा डोळ्यांनी बघा, मग ऑनलाइन घ्यायचा तर घ्या. पेनड्राइव्हवर स्वतःच्या गेमचा एक रात्रीचा सीन रेकॉर्ड करून न्या आणि दुकानदाराला तोच लावायला सांगा. तुमच्या पिनकोडला घरी येऊन सर्व्हिस मिळते का, आणि किती मेलेल्या पिक्सेलांनंतर पॅनल बदलून देतात, हे दोन्ही लेखी घ्या.

डबा घरी आला की उघडतानाचा व्हिडिओ करा. संध्याकाळी दिवा घालवून पूर्ण काळं चित्र लावा. कोपऱ्यात उजेड दिसला तर डोकं डावी-उजवीकडे हलवा: उजेड सरकला तर तो ग्लो, जागचा हलला नाही तर दिव्याची गळती, आणि ती जास्त असेल तर बदलून मागा. मग लाल, हिरवा, निळा, पांढरा असे सपाट रंग लावून मेलेले पिक्सेल शोधा. ब्राउझरमध्ये टेस्ट यूएफओ ही धावत्या उडत्या तबकडीची चाचणी उघडा आणि मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा वेग वाढवणारी सेटिंग) एकेक पायरी वाढवत जा. सगळ्यात वरच्या पायरीवर तबकडीमागे उजळ सावली दिसू लागते. तिच्या एक पायरी खाली थांबा. विंडोज नवीन मॉनिटर बरेचदा ६० हर्ट्‌झवरच ठेवतं, तेव्हा डिस्प्ले सेटिंगच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात जाऊन पूर्ण आकडा निवडा. तो आकडा यादीत दिसतच नसेल तर डब्यातली डिस्प्लेपोर्ट केबल लावा आणि ती मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे ना ते मागे वाकून बघा. हे सगळं परत करायची मुदत संपायच्या आत उरका.